कड बसली तरच मास्क

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून लाकूड उचलायचं आणि शहराबाहेरच्या शेडमध्ये त्याचं फर्निचर करायचं, हा माझा धंदा. या धंद्यात बोटांची, डोळ्यांची, पाठीची काळजी थोडीफार सगळेच घेतात. छातीची कुणी घेत नाही. करवतीने बोट कापलं तर त्याच क्षणी कळतं; श्वासातून आत गेलेली धूळ वर्षानुवर्षं गप्प बसते. आणि ती बोलू लागते तेव्हा मिस्त्री पन्नाशीत असतो, जिना चढताना थांबतो आणि म्हणतो, "वयाचं असेल, दादा." ते वयाचं नसतं. म्हणून मास्क कसा निवडावा याबद्दल जे शिकलो ते लिहितो आहे. हे सुतारांसाठी आहे, पॉलिशवाल्यांसाठी आहे, आणि पेणच्या गणपतीच्या कारखान्यात पीओपीच्या मूर्ती पॉलिश पेपरने घासणाऱ्यांसाठीही आहे.

१. पायाशी पडलेल्या भुशाची काळजी करू नका.

रंध्याच्या मशीनखाली जे ढीग साठतात ते दिसायला भयंकर, पण तो भुसा जड असतो. तो खाली पडतो, नाकात गेलाच तर केसांत अडकतो, शिंकेबरोबर बाहेर येतो. खरा त्रास पिठीचा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. सुमारे दहा मायक्रॉनच्या आतले कण घशाच्या पुढे जातात, आणि चार मायक्रॉनच्या आसपासचे व त्याहून बारीक कण फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. तिथे नाकासारखे केस नाहीत, खोकून बाहेर टाकण्याची सोय नाही.

करवत भुसा जास्त करते, सँडर पिठी जास्त करतो. जितका बारीक नंबरचा पॉलिश पेपर, तितकी बारीक पिठी. म्हणजे काम जसजसं नाजूक होत जातं, तसतसा धोका वाढतो. आमच्याकडे उलट समज आहे: जाडंभरडं काम करताना पोरं तोंड बांधतात आणि शेवटचा हात मारताना सोडून टाकतात.

ही पिठी डोळ्यांना दाखवायची असेल तर एक सोपा उपाय आहे. संध्याकाळी शेडमधले दिवे बंद करायचे, एकाने सँडर चालवायचा आणि त्याच्यापलीकडून आपल्या दिशेने एक जोरदार टॉर्च लावायचा. डोळ्यांवर झोत येऊ नये म्हणून मध्ये फळीचा तुकडा धरायचा. त्या उजेडात जे ढग उठताना दिसतात ते पाहिल्यावर मास्क घालायला सांगावं लागत नाही. माझ्या शेडमध्ये नवा मुलगा आला की पहिल्या आठवड्यातच मी हे दाखवतो. तासभर समजावण्यापेक्षा त्या दोन मिनिटांचा उपयोग जास्त होतो.

२. "लाकूड नैसर्गिक आहे, त्याने काय होतंय" हे वाक्य कारखान्यातून हद्दपार करा.

इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं गाव आहे, खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस्थर हॅडफील्ड यांच्या लक्षात आलं, की नाकाच्या आतल्या पोकळ्यांचा एरवी फार क्वचित आढळणारा कर्करोग घेऊन येणाऱ्यांत फर्निचर कामगार फार आहेत. १९६८ साली त्यांचा आणि सहकाऱ्यांचा यावरचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू त्याच गटात आहे. याचा अर्थ दोन्हींचा धोका सारखाच असा नाही. पुरावा तितकाच पक्का, एवढाच.

हाय विकममध्ये ओक आणि बीच ही लाकडं होती. आपल्याकडे सागवान आणि शिसम. सागाच्या पिठीने अनेकांच्या हातांना, मानेला खाज सुटते. शिसमाने काहींचं नाक वाहायला लागतं, काहींना दमा जडतो. सगळ्यांनाच होतं असं नाही, आणि ज्याला होतं त्याला एकदा शरीराने वैर धरलं की पुढे थोडीशी पिठीही पुरते. आणि एमडीएफ? त्यात लाकडाचा अगदी बारीक केलेला तंतू आणि फॉर्मल्डिहाइडचं रेझिन असतं. राउटर लावला की जी पिठी उडते ती हातावर टाल्कम पावडरसारखी लागते. माझ्या मते मॉड्युलर किचनच्या धंद्याने सुताराच्या छातीवर जेवढं ओझं टाकलं, तेवढं सागवानाने कधी टाकलं नव्हतं.

३. रुमाल, उपरणं, निळा सर्जिकल मास्क: तिन्ही या कामाचे नाहीत.

कापडाच्या विणीतली भोकं पिठीच्या कणापेक्षा कितीतरी मोठी असतात. रुमाल बांधला की भुसा तोंडात जात नाही, म्हणून माणसाला वाटतं आपलं रक्षण होतंय, आणि तो पिठीच्या ढगात बिनधास्त वाकतो. सर्जिकल मास्क डॉक्टरच्या तोंडातले तुषार रुग्णावर पडू नयेत म्हणून बनवलेला आहे. त्याच्या बाजू उघड्या असतात आणि हवा नेहमी सोप्या वाटेने आत येते.

४. मास्कवरचे आकडे वाचायला शिका, पण त्यांच्यावर भाळू नका.

कोरोनाने आपल्याला एन९५ हा शब्द दिला, अर्थ दिला नाही. ही अमेरिकेची श्रेणी. एन म्हणजे तेलकट तुषारांसाठी नाही, आणि ९५ म्हणजे चाचणीत निदान ९५ टक्के कण अडवले. पी१०० म्हणजे तेलातही चालणारा आणि ९९.९७ टक्के अडवणारा. युरोपात एफएफपी१, एफएफपी२, एफएफपी३ अशा पायऱ्या आहेत: ८०, ९४ आणि ९९ टक्के. आपलं भारतीय मानक आयएस ९४७३ हेही एफएफपीच्याच तीन श्रेणी वापरतं. मास्कवर आयएसआयची खूण असेल तर तिच्याबरोबर सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो; बीआयएस केअर या ॲपवर तो टाकून बघता येतो. मी प्रत्येक नव्या खोक्याचा क्रमांक तपासतो. दुकानदार "एन९५ आहे" म्हणाला आणि मास्कवर ना मानकाचा क्रमांक, ना बनवणाऱ्याचं नाव, तर तो मास्क घेऊ नये, मग तो कितीही स्वस्त असो.

मास्क म्हणजे पिठाची चाळणी नव्हे, हेही समजून घेण्यासारखं आहे. चाळणीत भोकापेक्षा मोठं ते वर राहतं, लहान ते खाली जातं. मास्कच्या आत पॉलिप्रॉपिलिनच्या अतिशय बारीक धाग्यांचं जंजाळ असतं आणि त्या धाग्यांवर विजेचा भार दिलेला असतो. मोठे कण वळण घेऊ शकत नाहीत आणि धाग्यावर आदळतात. अगदी सूक्ष्म कण हवेत थरथरत इकडेतिकडे भरकटतात आणि तेही चिकटतात. सगळ्यात चिवट ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. चाचणी त्यांच्यावरच होते. त्यामुळे सँडरची पिठी पकडायला एन९५ चं कापड कमी पडत नाही.

त्या विजेच्या भारामुळेच मास्क साबणाने धुवायचा नाही, सॅनिटायझर फवारायचा नाही. धुतलेला मास्क स्वच्छ दिसतो आणि निकामी झालेला असतो.

५. कापडाने अडवलं आणि कडेने सोडलं, तर काय उपयोग?

सगळ्या मुद्द्यांतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा. एफएफपी३ घ्या, पी१०० घ्या, नाकाच्या दांड्याशेजारी सुपारीएवढी फट राहिली की त्या आकड्यांना अर्थ उरत नाही. श्वास घेताना मास्कच्या आत किंचित ओढ तयार होते, आणि फटीतून हवा जाणं कापडातून जाण्यापेक्षा सोपं असतं. ब्रिटनमध्ये नीट बसलेल्या एफएफपी१ ला चारपट, एफएफपी२ ला दहापट आणि एफएफपी३ ला वीसपट संरक्षण धरतात. या सगळ्या हिशेबात "नीट बसलेल्या" हीच अट आहे.

म्हणून दुकानात मी पहिल्यांदा पट्टे बघतो. कानात अडकवायच्या पट्ट्यांचा मास्क सोयीचा, पण गालाशी तो घट्ट राहत नाही. वाकून काम करताना आणखी सैल होतो. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे हवेत: एक टाळूच्या मागे वर, दुसरा मानेवर कानांच्या खाली. आमची पोरं दोन्ही पट्टे मानेवरच घेतात, किंवा खालचा लोंबता ठेवतात. तसं केलं की हनुवटी उघडी पडते.

नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी, मधून बाहेरच्या बाजूला दाबत नेत बसवायची. एका हाताच्या चिमटीत दाबली की मध्ये टोक येतं आणि दोन्ही बाजूंना बोगदे तयार होतात. मग तपासणी. झडप नसलेल्या मास्कवर दोन्ही तळवे ठेवून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे किंवा गालाकडे हवा लागली तर पुन्हा बसवा. झडपेचा असेल तर तळवे ठेवून जोरात श्वास आत घ्यायचा. मास्क चेहऱ्याकडे ओढला गेला पाहिजे. चष्मा लावणाऱ्याला तर वेगळी तपासणी नकोच. काचेवर वाफ आली की नाकाजवळ फट आहे.

याच्या पुढची पायरी म्हणजे चवीची चाचणी. डोक्यावर एक पारदर्शक टोपडं घालतात, आत गोड सॅकरिनचे किंवा अतिशय कडू द्रावणाचे तुषार सोडतात. मास्क घालून बोलायचं, मान हलवायची, वाकायचं. चव लागली, तर तो मास्क त्या चेहऱ्याचा नाही. परदेशी मोठ्या कारखान्यांत ही चाचणी सक्तीची आहे. आपल्याकडे छोट्या शेडमध्ये कुणी करत नाही. मी सुरक्षेचं सामान पुरवणाऱ्याकडून तो संच मागवला. त्या दिवशी सगळ्यांच्या समोर कळलं की रुंद जबड्याच्या मिस्त्रींना बसणारा मास्क किरकोळ चेहऱ्याच्या हेल्परला चव लागू देतो. त्याला दुसऱ्या मापाचा आणला. एकाच मापाचं खोकं आणून सगळ्यांना वाटणं म्हणजे सगळ्यांना नऊ नंबरची चप्पल देणं. बायका जिथे घासकाम करतात तिथे तर लहान माप मागून घ्यावंच लागतं, दुकानात ते समोर ठेवलेलं नसतं.

६. दाढीचा प्रश्न बाजूला सारू नका, आणि कुणाला हिणवूही नका.

दोन दिवसांची खुंटंही कड वर उचलतात. ज्याला दाढी काढायला हरकत नाही त्याने मशीनच्या दिवशी सकाळी दाढी करून यावं. मिशी कडेच्या आत राहत असेल तर चालते. पण आपल्या धंद्यात रामगढिया शीख कारागीर आहेत, सहारनपूरकडचे नक्षीकाम करणारे मुस्लिम कारागीर आहेत. त्यांना "दाढी काढ" म्हणणं बरं नाही. त्यांच्यासाठी कमरेला लावलेला बॅटरीचा पंखा गाळलेली हवा डोक्यावरच्या सैल टोपात सोडतो, असं साधन मिळतं. महाग आहे, खरंच महाग आहे. पण सैल टोपाला कडेची गरज पडत नाही, हवा सतत बाहेरच्या दिशेने वाहत राहते. सगळ्यांना नाही घेता आलं तरी दिवसभर सँडरवर बसणाऱ्या दाढीवाल्या कारागिराला ते मिळालंच पाहिजे, असं माझं मत आहे.

७. पॉलिशचा वास वेगळ्या मास्कचा विषय आहे.

एन९५ घालून थिनर, सीलर, मेलामाइन मारणारे मी रोज बघतो. तो मास्क कण अडवतो; वाफ त्यातून आरपार जाते. वाफेसाठी कोळशाचं कार्ट्रिज लागतं. अमेरिकी पद्धतीत सेंद्रिय वाफेच्या कार्ट्रिजवर काळा पट्टा, युरोपीय पद्धतीत तपकिरी, आणि स्प्रे गन असेल तर पुढे कणांचा फिल्टरही हवा. काम झालं की कार्ट्रिज बंद पिशवीत ठेवायचं. उघडं राहिलं तर आतला कोळसा शेडमधली वाफ रात्रभर पीत बसतो. दोन डब्यांच्या पीयू पॉलिशच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने एकदा दमा जडला की तो माणूस त्या धंद्यातून उठतो, आणि धोक्याची पातळी ओलांडली तरी वास येईलच असं नाही. असा स्प्रे बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय मी करू देत नाही. ब्रशने होणारं काम ब्रशने करतो.

८. शेजारी दगड कापला जात असेल तर सुतारकाम थांबवा.

नव्या फ्लॅटमध्ये एका खोलीत आमचं कपाट उभं राहत असतं आणि स्वयंपाकघरात कुणीतरी ग्राइंडरने ओट्याचा ग्रॅनाइट कोरडा कापत असतो. पांढरा धूर घरभर. त्यात सिलिका असते, आणि कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यात तर ती नव्वद टक्क्यांच्या वरही असते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड वापरायलाच बंदी घातली, कारण तरुण कामगार सिलिकोसिसने आजारी पडत होते. आपल्याला हा रोग नवा नाही. मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे आणि खंभातला अकीक घासणारे कारागीर याच धुळीने गेले. सिलिकोसिस झाला की फुप्फुसावरचे व्रण मिटत नाहीत, औषध नाही. तिथे एन९५ पुरेसा धरू नका. दगड पाण्याखाली कापायला सांगा. ऐकत नसतील तर आपली माणसं बाहेर काढा. एका घराचं काम एक दिवस उशिरा झालं तर मालक रागावतो, आणि मी ते ऐकून घेतो.

९. रोजच्या कामाला हाफ मास्क, कधीमधी लागणाऱ्याला फेकायचा.

रोज मशीनवर असणाऱ्यासाठी सिलिकॉनचा हाफ मास्क आणि त्याला युरोपीय पी३ किंवा अमेरिकी पी१०० चे फिल्टर. पहिल्या दिवशी खर्च जास्त, पण वर्षभराचा हिशेब मांडला तर बहुधा तोच स्वस्त पडतो, आणि मऊ सिलिकॉनची कड चेहऱ्याशी फेकायच्या मास्कपेक्षा जास्त विश्वासाने बसते. कड रोज ओल्या फडक्याने पुसायची. फिल्टर काढून चेहऱ्याचा भाग साबणाच्या पाण्याने धुता येतो. श्वास जड व्हायला लागला की फिल्टर बदलायचा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली घाम येतोच. झडपेचा मास्क घेतला की गरम हवा लवकर बाहेर जाते. कोरोनात सरकारने झडपेचे मास्क वापरू नका म्हटलं होतं, ते आपला श्वास दुसऱ्याला बाधू नये म्हणून. धुळीच्या कामाला झडप चांगलीच.

माणूस जो मास्क दिवसभर ठेवील तो घ्यावा. भारी मास्क गळ्यात लोंबत असेल तर साधा एन९५ नाकावर असलेला बरा. आणि मशीन बंद झालं म्हणून लगेच काढायचा नाही. दहा मायक्रॉनचा कण शांत हवेत माणसाच्या उंचीवरून खाली यायला दहाएक मिनिटं घेतो. एक मायक्रॉनचा बारा तासांहूनही जास्त. चहा शेडच्या बाहेर, वाऱ्यात.

१०. मास्क हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या कलम १४ नेही धूळ जिथे निर्माण होते तिथूनच ओढून घ्यायला सांगितलं होतं. सँडरला भोकांची डिस्क आणि मागे व्हॅक्यूमची नळी, करवतीला डस्ट कलेक्टर, राउटरला शंकू. यातलं निम्मं जरी झालं तरी मास्कवरचं ओझं कमी होतं. झाडूऐवजी बारीक फिल्टरचा व्हॅक्यूम, नाहीतर आधी पाणी शिंपडून मग झाडणं. आणि एक सवय मोडायलाच हवी: सुटी झाली की कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरचे कपडे फुंकून काढणं. खाली बसलेली सगळी पिठी त्या एका झोताने पुन्हा नाकासमोर येते, आणि त्या वेळी मास्क काढलेला असतो. आमच्या शेडमध्ये ती नळी सुटीच्या आधी अर्धा तास कुलपात जाते.

११. वर्षातून एकदा फुंकून घ्या.

स्पायरोमेट्री म्हणजे नळीत जोरात फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणं. छातीचे डॉक्टर करतात, दुखत नाही. एका वर्षाचा आकडा फारसं सांगत नाही. दरवर्षीचे आकडे शेजारी ठेवले की घसरण दिसते, आणि ती दम लागायच्या आधी दिसते. ज्याला दमा किंवा हृदयाचा त्रास आहे त्याने घट्ट मास्क लावण्याआधीच डॉक्टरांना विचारावं, कारण मास्कमधून श्वास ओढायला थोडा जास्त जोर लागतो. कारागीर एका मालकाकडे जन्मभर राहत नाही. आज माझ्याकडे, उद्या चाकणला, परवा गावी. म्हणून तपासणीचा कागद मी कपाटात ठेवत नाही. त्याची एक प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्याच्या हातात देतो आणि सांगतो, आधार कार्डाबरोबर ठेव, पुढच्या डॉक्टरला पहिल्यांदा हाच दाखव.